धारेची बाजू

४ फेब्रुवारी

चि. ठकीस,

आशीर्वाद पाठवतो आहे, मावतील तेवढे घे. तब्येत, हवापाणी सगळं परवा फोनवर झालंच; पण अप्पांचा नियम तुला ठाऊक आहे. ख्यालीखुशाली फोनवर, धंद्याची गोष्ट कागदावर. फोनवर माणूस 'हो हो' म्हणतो आणि विसरतो. म्हणून कागद घेऊन बसलो.

आचारीकाका गुडघ्यांपायी आता थांबणार म्हणतेस. वाईट वाटलं. खरं सांगू का, थोडं बरंही वाटलं. खानावळीला नवं रूप द्यायची हीच वेळ आहे. माझ्या डोक्यात असं आहे की स्वयंपाकघराची भिंत पाडायची आणि तिथे अख्खी काच बसवायची. गिऱ्हाईक टेबलावर बसल्या बसल्या आतलं काम बघेल. हल्ली लोकांना जेवणापेक्षा जेवण होताना बघायला जास्त आवडतं. उद्घाटन ऑगस्टमध्ये धरलं आहे.

पण अप्पांची पद्धत मोडायची नाही. ज्याच्या ताब्यात स्वयंपाकघर, त्याला मालकाच्या हातून सुरी. आचारीकाकांना अप्पांनी सुरी दिली तेव्हा आपण दोघं टेबलाखाली बसून बघत होतो, आठवतं? नीट दिसावं म्हणून तू मला कोपर मारून पुढे सरकलीस. जेवतानाही तेच. कोपरं मारण्यात लहानपणापासून तुझा हात कुणी धरला नाही.

तर या वेळी सुरी साधीसुधी नको. जपानी पाहिजे. आमच्या साहेबांच्या घरी एक पाहिली. पात्यावर पाण्यात तरंग उठावेत तशी नक्षी, बघत राहावं अशी. तुला त्यातलं कळतं, तेव्हा निवड तूच कर. मात्र काचेतून उठून दिसली पाहिजे. तुझी वहिनीही घरासाठी एक मागते आहे. तिला कशाला हवी देव जाणे.

तुझा,
दादा


११ फेब्रुवारी

ती. दादास,

साष्टांग नमस्कार घालायला ओट्यापुढे जागा नाही. उभ्या उभ्या करते, चालवून घे.

काचेचं वाचून आचारीकाका इतके हसले की गुडघा विसरले. म्हणाले, "म्हणजे आता नाक खाजवायचं तरी कोठारात जायचं!" पण तुझ्या डोक्यात आलं आहे म्हणजे भिंत गेलीच समजते.

सुरीचं म्हणशील, तर आधी ती नक्षी डोक्यातून काढ. नक्षी पडद्यावर बघावी. सुरी घेताना बघायचं ते एवढंच, की जाणार कुणाच्या हातात, चिरणार काय, आणि काम झाल्यावर तिला पुसणार कोण. कोरड्या फडक्याने पुसणारं माणूस घरात नसेल तर पोलादाच्या जाती वाचत बसू नये. न गंजणारी घ्यावी आणि गप्प राहावं. शिवाय ही जपानी पाती असतात कडक, आपल्या आत्याबाईंसारखी. धार महिनोन्महिने जात नाही, पण कुणी वाकवायला गेलं की तुकडा पडलाच. हाड, गोठलेलं मांस, डब्याचं झाकण, असल्या कशालाही लावायची नाही.

वहिनीसाठी 'सांतोकू' घे. आखूड, रुंद, पात्याला दोन्हीकडून धार. भाजीला चालते, माशाला चालते, चुकलं तर सांभाळून घेते आणि वर काही बोलत नाही. तुमच्या घरात अशाच वस्तू टिकतात. तिला जरा नीट वापरायला शिकव मात्र. वहिनीचं आणि शिस्तीचं आधीपासून वाकडं. तुमच्याकडे चहाचा ट्रे आला की सगळ्या कपांचे कान एका बाजूला आणि एकाचा भलतीकडेच. दर वेळी बघते आणि पाहुणी म्हणून गप्प बसते.

खानावळीच्या सुरीला मात्र वेळ लागेल. ती कुणाच्या हातात जाणार हे तू लिहिलं नाहीस. मी समजायचं ते समजले. अप्पांनीही असंच केलं असतं. जे द्यायचं ते हातात द्यायचे, तोंडाने आधी म्हणायचे नाहीत. म्हणून मीही विचारत नाही.

ठकी


२ मार्च

चि. ठकीस,

तुझं पत्र साहेबांच्या बैठकीआधी वाचलं. आत्याबाईंचं वाचून हसू आवरेना, साहेबांना वाटलं मी त्यांनाच हसतो आहे.

समजायचं ते समजलीस, मग प्रश्नच मिटला. प्रमुख कोण हे उद्घाटनाच्या दिवशीच जाहीर करायचं, तोवर गुपित. तू फक्त सुरी बघ. कसर करू नकोस. घरगुती नको, धंद्यातली पाहिजे, ज्यांना कळतं त्यांनी बघून मान डोलवावी अशी. मासिकात वाचलं की पोलादाचे थर जितके जास्त तितकी उत्तम. शक्य तितके थर बघ.

सुरी थेट माझ्या पत्त्यावर येऊ दे. माझ्या हातून द्यायची आहे.

दादा


२० मार्च

ती. दादास,

हात ओले आहेत, नमस्काराला डाग पडला असेल तर दुर्लक्ष कर.

काल सुरीवाल्याकडे जाऊन आले. कुलूपवाल्याच्या मागे बोळात दुकान. एकच बाक, आणि समोर ओळीने धारेचे दगड पाण्यात भिजत पडलेले. सुरी मागितली तर म्हणाला, "आधी गाजर चिरा." गाजर दिलं, जुनीपुराणी सुरी दिली आणि माझ्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघत बसला. दादा, इतकी वर्षं लोक माझ्या हातचं खातात. हाताकडे बघणारा हा पहिलाच भेटला.

तुझ्या थरांचं त्याला सांगितलं. म्हणाला, "थर केकला असतात." बाहेरची नक्षी कितीही असो, चिरतं ते मधलं पातं. त्याने आधी 'ग्युतो' दाखवली. लांब, टोकदार, दोन्हीकडून धार, हॉटेलात सगळीकडे तीच चालते. नवख्या माणसाला मी डोळे झाकून तीच सांगेन. पण आपली खानावळ भाजीवर उभी आहे. म्हणून मी 'उसुबा' ठरवली. चौकोनी, पातळ, आणि धार एकाच बाजूने. एक अंग सपाट, दुसऱ्याला उतार. तिने काकडीची अख्खी पट्टी सोलली तर तिच्यातून वर्तमानपत्र वाचता येतं. पण ही सुरी एकनिष्ठ असते. ज्या हातासाठी बनवली त्याच हाताशी सरळ चालते.

यायला मात्र उन्हाळा उलटेल. तयार मिळते ती आपल्याला चालत नाही, हे तुला सांगायला नकोच. ते लहानपणापासूनचं दुखणं. मुद्दाम घडवून घ्यावी लागते आणि तिकडचा लोहार अशा मोजक्याच घडवतो. सुरीवाला विचारत होता, "वापरणार कोण?" मी हात पुढे केला. त्याने कागदावर पंजाची रेघ काढून घेतली, मुठीसाठी. मला उगीचच लाजल्यासारखं झालं.

पात्यावर फक्त अप्पांची खूण कोरायला सांगते, खानावळीच्या पाटीवरची पळी. चालेल ना?

ठकी


९ एप्रिल

चि. ठकीस,

'तयार मिळते ती आपल्याला चालत नाही.' हे वाक्य मला फार आवडलं. साहेबांनाही ऐकवलं. ते म्हणाले, तुमच्या घराण्यात दर्जाची जाण आहे. वेळ लागू दे, हरकत नाही.

पळीखाली 'प्रमुख' असं कोरायला सांग. काचेतून वाचता आलं पाहिजे.

वहिनीची सुरी आली आणि आठवडा व्हायच्या आत तिचं टोक गेलं. कशाला लावली कोण जाणे. मी म्हटलंच होतं.

आणखी एक. अप्पांचं कोठार रिकामं करून रंगवून घे. नीट खाट, कपाट, आरसा. प्रमुखाला तिथे राहता आलं पाहिजे, म्हणजे पहाटेच्या भाजीला कुणाची वाट बघायला नको.

दादा


५ मे

ती. दादास,

नमस्कार. आज खरोखर वाकून करते आहे, कारण कोठाराची फरशी पुसते आहे.

भिंतींना फिकट पिवळा दिला. रंगाऱ्याला चार वेळा बदलायला लावला, तो मला बघून आता शिडीवरच थांबतो. अप्पांची पोती बसायची तो कोपरा मात्र कितीही घासला तरी कांद्याचा वास जात नाही. जाऊ नये असंही वाटतं. खाट खिडकीखाली लावली. आरसा दाराशी. काल त्यात बघून 'प्रमुख' असं म्हणून पाहिलं. हसू आलं, पण लगेच इकडेतिकडे बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना.

आचारीकाकांनी जाताना त्यांची सुरी माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "नवी येईपर्यंत हिच्यावर भागव. तशीही गेली कित्येक वर्षं मी फक्त पगार घेत होतो, चिरत तूच होतीस." मी म्हटलं, "काका, उगीच रडवू नका, समोर कांदा आहे." तर म्हणतात, "मग सोय झाली."

काचेचं मला आधी पटलं नव्हतं. आता वाटतं, बसव. बघू देत की लोकांना. पडदा नको.

ठकी


१८ जुलै

चि. ठकीस,

सुरी आली. काय वस्तू आहे! चंदनासारखी मूठ, आणि ती पळी, खाली 'प्रमुख'. तुझी निवड म्हणजे निवड.

आता गुपित फोडायला हरकत नाही. प्रमुख म्हणून एका शेफला नक्की केलं आहे. मोठ्या बोटीवर होता, पाककलेच्या कॉलेजातून पहिला आलेला. उंचापुरा, बोलायला गोड. साहेबांच्याच ओळखीचा. बोलणी डिसेंबरातच झाली होती, पण तुला आधी सांगून तुझं कामातलं लक्ष उडवायचं नव्हतं. तो बुधवारी येईल. कोठाराची किल्ली त्याला दे. तू रंगवून घेतलंस म्हणून त्याला कळवलं, खूश झाला.

तुला वाईट वाटायचं काही कारण नाही. तू आहेसच. तू नाहीस तर खानावळ उभीच राहणार नाही, हे मी सगळ्यांना सांगतो. पण काचेमागे उभं राहायला चेहरा लागतो, ठके. तू मागच्या बाजूला तुझं तुझं काम कर, कुणाचा त्रास नाही.

आणि मी तुला कुठे शब्द दिला होता, ते माझ्या पत्रांतून काढून दाखव. तू विचारलंही नाहीस. विचारलं असतंस तर सांगितलं असतं.

दादा


२४ जुलै

दादा,

खरं आहे. मी विचारलं नाही. म्हणून आता एक विचारते.

किल्ली दिली. खाट खिडकीखाली बरी आहे म्हणाला. कांद्याचा वास येतो म्हणाला.

ती सुरी तू कुणाच्याही हातात देण्याआधी मला एवढंच लिहून कळव. मी कांदा कोणत्या हाताने चिरते?

ठकी


३० जुलै

चि. ठकीस,

घाईत आहे. पाहुण्यांची यादी, फुलं, काचेवरचे डाग, सगळं मलाच बघायचं आहे आणि तू कोडी घालतेस! कांदा चिरला गेल्याशी मतलब. रुसण्याचं वय राहिलं का आता?

उद्घाटनाला नीट कपडे घालून ये आणि चेहरा हसरा ठेव. सुरीवाल्यालाही बोलाव, त्याच्या मालाची जाहिरात होईल.

दादा


१४ ऑगस्ट

ठकी,

तू माझ्याशी असं वागशील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मी भाषण केलं. अप्पांची पद्धत सांगितली. माझ्या हाताने सुरी शेफच्या हातात दिली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने काकडी घेतली. काप पडले ते वरून जाड आणि खालून कागदासारखे. त्याने दुसरी घेतली. तेच. काचेपलीकडे साहेब, त्यांची बायको, माझं अख्खं ऑफिस. तो हसला, म्हणाला नवीन धार आहे. तिसरी घेतली, सुरी बाहेर घसरली आणि त्याच्या बोटातून रक्त आलं. थोडंच होतं, पण पांढऱ्या कपड्यावर दिसतं ना!

आणि तो तुझा सुरीवाला काचेला नाक लावून ओरडतोय, "अहो थांबा, ती डाव्या हाताची आहे! बाईंच्या मापाने घडवून आणली आहे!" सगळं ऑफिस वळून तुझ्याकडे बघायला लागलं. आणि तू काय केलंस? आचारीकाकांची ती काळी पडलेली सुरी फडक्याला पुसलीस, त्याच्या पुढ्यात ठेवलीस आणि मागच्या दाराने चालती झालीस. त्याने उरलेल्या काकड्या त्या भंगारानेच चिरल्या आणि त्या सरळ चिरल्या गेल्या, म्हणजे माझी आणखी शोभा. सोमवारी साहेब मला विचारतात, "तयार माल तुम्हाला चालत नाही, नाही का?"

हा कट होता. मुद्दाम डाव्या हाताची मागवलीस. आणि तू डावखुरी कधीपासून झालीस?

सुरीवाला परत घ्यायला तयार नाही. म्हणतो, मुद्दाम घडवलेली, त्यात 'प्रमुख' कोरलेलं, दुसरा कोण घेणार. शेफसाठी दुसरी आणली. ही तुलाच ठेव, निदान फुकट तरी जाणार नाही. कुरियरने पाठवली आहे. सोमवारपासून कामावर ये. झालं गेलं मी मनात ठेवत नाही.

दादा


२० ऑगस्ट

वन्सं,

तुम्हाला हे माझं पहिलंच पत्र. तुमच्याकडूनही मला कधी आलं नाही. जे काही असायचं ते ह्यांच्या पत्रात, 'वहिनीला शिकव', 'वहिनीला सांग'. ह्यांची पत्रं टेबलावर उघडी पडलेली असतात. मी वाचते. शिस्तीचंही वाचलं होतं.

माझ्या सुरीचं टोक मी मोडलं नाही. ह्यांनी तिने रंगाचा डबा उघडला. मी ती अजून वापरते, बाकीचं पातं छान आहे. कोरडी पुसून ठेवते.

ट्रेमधला उलटा कप तुमचा असतो. लग्नानंतर पहिल्यांदा तुम्हाला चहा दिला तेव्हा तुम्ही कप फिरवून घेतलात, आणि फिरवताना बशीत सांडला. तेव्हापासून तुमच्या कपाचा कान मी डावीकडे करते. तुम्ही बघत होतात हे तुमच्या त्या पत्रातूनच कळलं. मला वाटायचं, तुमच्या लक्षातच येत नाही.

तुमचं ते प्रश्नाचं पत्र ह्यांनी जेवताना मोठ्याने वाचलं. हसले. "उजव्या, आणखी कोणत्या?" म्हणाले. मी वाढत होते. मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. आमच्याकडे तशीच पद्धत आहे. सांगितलं असतं तर कदाचित ती सुरी त्या दिवशी बाहेर आलीच नसती. मला ती बाहेर यायला हवी होती. रागावा हवं तर.

शेफचं मला पहिल्यापासून माहीत होतं. तुम्ही कोठाराला पिवळा रंग दिल्याचं वाचलं तेव्हा पेन हातात घेतलं होतं. पण तुमच्या दोघांच्या पत्रांत मला कुठे जागा होती?

तुमची,
वहिनी


३ सप्टेंबर

दादा,

तीर्थरूप, साष्टांग वगैरे आता शेफकडून घे. त्याला वाकायला जागा आहे.

सुरी मिळाली. अप्पांच्या पद्धतीत ती मालकाच्या हातून मिळते. मला कुरियरवाल्याच्या हातून मिळाली आणि वर त्याने सही मागितली.

खोटं कशाला सांगू, उघडल्या उघडल्या आधी काकडी घेतली. पहिलाच काप सरळ पडला. मी थांबले, कारण मला वाटलं चुकून पडला. दुसराही तसाच. आजवर मी सगळ्यांच्या सुऱ्या, कात्र्या, सोलाण्या मनगट मुरडून चालवत आले. मनगट न मुरडताही काम होतं, हे मला आत्ता, या वयात, एका काकडीने सांगितलं. बराच वेळ चिरत बसले. एवढ्या काकड्यांचं करायचं काय, शेजारच्या चार घरांत वाटल्या.

मग ती धुतली, पुसली, तेलाचं बोट फिरवलं आणि तुझ्याच खोक्यात परत भरली. या पत्राबरोबर येईल. कारण ती मला कुणी दिलेली नाही, ती उरलेली आहे. उरलेलं खायची मला सवय आहे, स्वयंपाकघरातल्या बायकांना असतेच. पण त्यावर 'प्रमुख' असं कोरलेलं असेल तर घशाखाली उतरत नाही. ती काचेत टांगून ठेव. गिऱ्हाइकांना नक्षी नसली तरी गोष्ट मिळेल.

सोमवारी मी आले नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. नाहीतर शेफच्या आलं असेल. मी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात लागले. तिथल्या सुऱ्या दोन्हीकडून धारेच्या, स्वस्तातल्या, कुणाच्याही हातात चालणाऱ्या. काच नाही. भिंतीला एक खिडकी आहे आणि ती ताटं बाहेर सरकवायला. चव कुणाला लागतच नाही, कारण मीठच नसतं. पण मी आत शिरले तेव्हा तिथल्या बाईने पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही कुठल्या हाताच्या? म्हणजे कुठल्या टोकाला उभं करायचं ते बघते." मी तिच्याकडे बघतच राहिले. तिला वाटलं, मला ऐकू कमी येतं.

कटाचं म्हणतोस. कट करायला निदान दोन माणसं लागतात. माझ्या बाजूला दुसरं कुणी असतं तर कट कशाला करावा लागला असता? आणि होतं एक माणूस, ते मला आत्ता कळलं. वहिनीला लिहिलेलं पत्र वेगळ्या पाकिटात टाकलं आहे. ते तिच्या नावाचं आहे. तू उघडू नकोस.

तुझी पत्रं मी काढून पाहिली. खरोखर तू कुठेही शब्द दिलेला नाहीस. अप्पा उगीच म्हणायचे नाहीत, धंद्याची गोष्ट कागदावर पाहिजे. माझीही पत्रं तू काढून बघ. सुरी कुणाच्या हाताची ते मी प्रत्येक वेळी लिहिलं आहे. फक्त ज्याला माझा हात ठाऊक आहे त्याला लिहावं तसं लिहिलं. तेवढीच गल्लत झाली.

डावखुरी कधीपासून झालीस म्हणून विचारतोस. मी जन्मले तेव्हा तू घरातच होतास.

अप्पांच्या लांब टेबलाला आपण दोघं एकाच बाजूला बसायचो. मी तुझ्या उजवीकडे. तुझा उजवा हात, माझा डावा. दर घासाला कोपराला कोपर. अप्पा मलाच म्हणायचे, "ठके, हात आवर." जागा बदलून बघावी असं कुणाच्याच मनात आलं नाही. शेवटी मी तुमची जेवणं उरकल्यावर आत ओट्यापाशी उभ्याने जेवायला लागले, आणि तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, हिला स्वयंपाकघराची फार आवड.

कोपरं मारण्यात माझा हात कुणी धरला नाही, असं तू लिहिलं होतंस. दादा, लागायचं दोघांनाही. ओरडायचास तू एकटा.

ठकी